वाढत्या अंगाचा चष्मा

आमच्या चौथीच्या वर्गातली ही गोष्ट. एक मुलगी गणितात हुशार, पण फळ्यावरची उदाहरणं शेजारणीच्या वहीत बघून उतरवायची. "अगं, चष्मा कुठाय तुझा?" मी विचारलं. तिनं दप्तरातून हळूच काढून दाखवला. केवढा थोरला! घातला की घसरून नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि ती भिंगांच्या वरून बघायची. मुलं 'ढापणी' म्हणायची, ते वेगळंच. बाबांनी कपडे घेतात तसा 'वाढत्या अंगाचा' चष्मा घेतला होता!

शर्ट सैल चालतो, चष्मा चालत नाही. भिंगाचा मध्य बुबुळासमोर हवा. चष्मा घसरला, तर नंबर बरोबर असूनही नीट दिसत नाही. म्हणून फ्रेम निवडताना आधी नाक, मग चेहरा आणि शेवटी रंग.

दुकानात फ्रेम घालून मान खाली वाकवा. घसरली? नापास! आता मोठ्ठं हसा. गालांनी वर उचलली गेली? तीही नापास. काड्या कानशिलांवर रुतायला नकोत. १३व्या शतकाच्या अखेरीस इटलीत पहिले चष्मे निघाले, तेव्हा त्यांना काड्याच नव्हत्या. हातानं डोळ्यांसमोर धरावे लागत. आपली तेवढी तरी सोय झाली!

आता चेहरा. केस मागे घेऊन आरशासमोर उभे राहा, एक डोळा मिटा आणि आरशातल्या चेहऱ्याची कड साबणाच्या तुकड्यानं रेखा. (आरसा नंतर पुसा हं, नाहीतर आईचा ओरडा ठरलेला!) चेहरा गोल आला, तर कोनदार फ्रेम खुलते. चौकोनी असेल, तर गोलसर. लांबट चेहऱ्याला उंचीनं जरा मोठी आणि लंबगोल चेहऱ्याला बहुतेक सगळ्या शोभतात. पण हा काही कायदा नव्हे. गोल चष्मा म्हटलं की गांधीजी आठवतात आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरही. दोघांचे चेहरे किती वेगळे!

फ्रेम कशाची घ्यावी? धातूच्या फ्रेमला बहुधा नाकावर छोट्या गाद्या असतात. त्या वाकवून नाकाला नीट बसवता येतात. बसक्या नाकाला ही सोयीची. मात्र काहींना धातूतल्या निकेलमुळे खाज सुटते. त्यांनी प्लॅस्टिकची घ्यावी. टायटॅनियमही चालेल. ते हलकं असतं, पण महाग. जाड, रंगीत फ्रेम बऱ्याचदा अ‍ॅसिटेटची असते. हे अ‍ॅसिटेट कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंपासून बनतं, माहीत होतं? मैदानावर धडपडणाऱ्यांना लवचीक नायलॉनची फ्रेम आणि सहजी न फुटणारी पॉलिकार्बोनेटची भिंगं बरी. उणे नंबर मोठा असेल, तर फ्रेम लहान घ्या. अशी भिंगं कडेला जाड असतात. फ्रेम लहान असली की ती जाड कड कापली जाते आणि चष्मा हलका होतो.

आमच्या मुलीचे बाबा तिला घेऊन पुन्हा दुकानात गेले. या वेळी फ्रेम तिनं निवडली, लहानशी, निळी. परवा फळ्यावर बेरीज करताना माझीच चूक झाली. तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हातचा राहिला!"

कोण बोललं, ते सांगायला हवं का?