शाळेच्या गाडीचा चालक व त्याची पूर्वनोंद

मुक्ताईनगर तालुक्याच्या मध्यातून सुरत–नागपूर राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता. आता तो ५३ आहे. या मार्गावर अवजड मालमोटारींची वर्दळ अहोरात्र चालू असते. उत्तरेस बऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ताही असाच गजबजलेला आहे. कुऱ्हा, अंतुर्ली, चांगदेव व आसपासच्या लहान गावांतील अनेक मुलांना वरच्या इयत्तांच्या शिक्षणासाठी याच रस्त्यांवरून ये-जा करावी लागते. काही मुले एस. टी. ने येतात, काही शाळेच्या बसने, तर काही पालकांनी मिळून ठरविलेल्या रिक्षेने अथवा व्हॅनने. घराचा उंबरठा सोडल्यापासून शाळेची घंटा होईपर्यंतचा हा काळ असा आहे की, त्यात मूल ना आईबापांच्या हाती असते, ना गुरुजींच्या. ते सर्वस्वी चालकाच्या हाती असते. तो चालक कसा निवडावा व त्याच्या मागील कामाची पडताळणी कोणत्या रीतीने करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिक्षकाचा संबंध काय?

‘गाडी ठेकेदाराची, चालक त्याचा, यात शाळेचा संबंध काय?’ असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. संबंध निश्चितच आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमानुसार राज्याने जे नियम केले, त्यांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतराच्या आत शाळा असावी, असे ठरविले आहे. जेथे ती नसते तेथे मुलांच्या ने-आणीचा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीसमोर येतो, आणि या समितीचे सचिवपद मुख्याध्यापकाकडे असते. शिवाय शाळेसाठी वापरावयाच्या बसगाड्यांविषयी महाराष्ट्र शासनाने २०११ साली स्वतंत्र नियम केले. त्यांत मुख्याध्यापकाच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समितीची तरतूद आहे. पालक, पोलीस व परिवहन खाते यांचे प्रतिनिधी या समितीत असतात. तात्पर्य, चालकाची नेमणूक शिक्षकाने केली नसली, तरी त्याच्याविषयी विचारणा करण्याचा अधिकार व कर्तव्य ही दोन्ही शाळेकडे आहेत.

न्यायालयाने घालून दिलेला मापदंड

नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीतील वझिराबाद येथे विद्यार्थ्यांनी भरलेली बस पुलावरून यमुना नदीत कोसळली व २८ मुले प्राणांस मुकली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने राजधानीतील वाहतुकीसंबंधी आदेश दिले. शैक्षणिक संस्थेच्या अथवा संस्थेने भाड्याने घेतलेल्या बसचा चालक कसा असावा, हे त्यांत स्पष्ट केले आहे. अवजड वाहन चालविण्याच्या अनुभवाची किमान वर्षे ठरविली गेली. सिग्नल मोडणे, मार्गिकेचे नियम न पाळणे, अनधिकृत व्यक्तीच्या हाती गाडी देणे यांसारख्या गुन्ह्यांबद्दल दोनांहून अधिक वेळा चलान झालेल्या चालकास अशा बसवर ठेवू नये, असे सांगितले. अतिवेगाने, धोकादायक रीतीने अथवा मद्य पिऊन गाडी चालविल्याचा आरोप मात्र एकदा झाला असला, तरी तो चालक अपात्र ठरतो. हे आदेश दिल्लीपुरते होते. तथापि पुढे ठिकठिकाणी शालेय वाहतुकीच्या सूचनांना याच निकषांचा आधार मिळाला.

या मापदंडातील विवेक लक्षात घेण्याजोगा आहे. सर्व चुका एकाच मापाने मोजलेल्या नाहीत. किरकोळ चूक पुन्हा पुन्हा झाली तर ती सवय समजावी आणि प्राणघातक चूक एकदा झाली तरी पुरे, असा तो भेद आहे.

नोंद कोठे पाहावी?

पहिली नोंद म्हणजे वाहन चालविण्याचा परवाना. परवान्याची छायाप्रत घेऊन फाईलला लावणे म्हणजे पडताळणी नव्हे. परवान्यावर खासगी वाहनाची व परिवहन वाहनाची मुदत निरनिराळी छापलेली असते. त्यांपैकी दुसरी पाहावी. कोणत्या प्रकारचे वाहन चालविण्यास परवानगी आहे, तेही पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीस ७,५०० किलोपर्यंत वजनाचे परिवहन वाहन चालविता येते. मोठ्या बससाठी मात्र अवजड वाहनाची नोंद हवीच. परवाना खरा आहे की नाही, हे केंद्र शासनाच्या ‘सारथी’ या नोंदणी व्यवस्थेत परवाना क्रमांक व जन्मतारीख भरून मोबाइलवरही पाहता येते. २००३ साली एका विमा-दाव्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, परवाना सकृद्दर्शनी खरा दिसत असेल, तर मालकाने देशभरच्या परिवहन कार्यालयांत चौकशी करीत फिरावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही. त्या काळी ते योग्यच होते. आज ही चौकशी बसल्या जागी होते. म्हणून ती न करण्यास सबब उरलेली नाही.

दुसरी नोंद चलानांची. येथे एक मेख आहे व ती शिक्षकांनी नीट समजून घ्यावी. रस्त्यावरील कॅमेऱ्याने केलेले ई-चलान वाहनाच्या क्रमांकावर, म्हणजे मालकाच्या नावे निघते. गाडी त्या वेळी कोण चालवीत होता हे त्यात असतेच असे नाही. परिणामी, दहा वर्षे दुसऱ्याची मालमोटार चालविलेल्या माणसाच्या परवान्यावर एकही चलान न दिसणे शक्य आहे, आणि स्वतःची गाडी भावास देणाऱ्याच्या नावे चार चलाने दिसणेही शक्य आहे. यास्तव परवान्याबरोबरच, तो पूर्वी कोणत्या क्रमांकाच्या गाड्या चालवीत होता हे विचारावे व त्या क्रमांकांवरील चलानांबद्दल त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

तिसरी नोंद पोलीस व न्यायालय यांजकडील. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागवावा. जुन्या कागदांत भारतीय दंड संहितेची कलमे २७९, ३३७, ३३८ अथवा ३०४-अ आढळली, तर ती बेदरकारपणे वाहन चालविणे, त्यामुळे दुखापत होणे व मृत्यू घडणे यांविषयीची आहेत असे समजावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने त्याच गोष्टी आता कलमे २८१, १२५ व १०६ यांखाली नोंदल्या जातात.

चौथी नोंद कागदावर नसते. ती पूर्वीच्या मालकाच्या तोंडी असते. ‘माणूस कसा आहे?’ असे विचारल्यास ‘चांगला आहे’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘तुमची गाडी किती वर्षे चालविली? काम का सोडले? त्याच्या हातून गाडीस कधी अपघात झाला काय? तुमची स्वतःची मुले त्याच्या गाडीतून पाठवाल काय?’ असे नेमके प्रश्न करावेत.

स्वच्छ पाटी व कोरी पाटी

मिळालेली नोंद वाचावयाची कशी, हा पुढचा भाग. समजा, शाळेच्या बससाठी तीन अर्ज आले. पहिला अर्जदार पंधरा वर्षे रावेरहून उत्तरेकडे केळीचा माल नेणारा अनुभवी चालक आहे; परंतु दोन वर्षांपूर्वी अतिवेगाबद्दल त्याच्यावर कारवाई झाली आहे. दुसऱ्याच्या नावे काहीही नाही; मात्र त्याचा परवाना गतवर्षीचा असून भाड्याची गाडी त्याने कधी चालविलेली नाही. तिसऱ्याने आठ वर्षे प्रवासी बस चालविली, चुकीच्या जागी गाडी उभी केल्याबद्दल त्याची दोन चलाने आहेत, दंड भरलेला आहे, व दोन्ही गोष्टी त्याने अर्जात आपण होऊन लिहिल्या आहेत.

वरवर पाहता दुसरा अर्जदार निर्दोष वाटतो. परंतु पुसून स्वच्छ झालेली पाटी व अजून काही लिहिलेच नाही अशी कोरी पाटी यांतील भेद शिक्षकास सांगावयास नको. कोरी नोंद ही गुणाची साक्ष नसते. ती केवळ साक्षीचा अभाव असते. पहिल्याचा अनुभव मोठा आहे. तथापि माल वेळेत बाजारी पोचविण्याच्या धावपळीत अंगवळणी पडलेला वेग मुलांच्या गाडीत चालत नाही, आणि उपरोक्त मापदंडानेही तो वगळला जातो. तिसऱ्याची नोंद डागाळलेली दिसत असली, तरी विचार करण्याजोगा अर्ज त्याचाच आहे. दोष किरकोळ आहेत व त्याने सत्य लपविलेले नाही. अर्जात लिहिलेले व नोंदीत सापडलेले जुळते काय, हीच पडताळणीतील सर्वांत मोठी कसोटी होय.

यासाठी अर्जातच पुढील गोष्टी लेखी मागवाव्यात :

१. परवान्याचा क्रमांक, प्रकार व मुदत.
२. मागील पाच वर्षांतील मालकांची नावे व चालविलेल्या गाड्या.
३. त्या काळात झालेली चलाने व अपघात, दोष कोणाचाही असो.
४. परवाना कधी निलंबित अथवा रद्द झाला होता काय.
५. दृष्टी व प्रकृती यांविषयी वैद्यकीय दाखला.
६. ही माहिती पडताळून पाहण्यास अर्जदाराची लेखी संमती.

यानंतर रिकामी गाडी त्याच रस्त्यावर त्याच वेळी चालवावयास लावून, जाणत्या माणसाने शेजारी बसून पाहावे.

भीड व न्याय

खरी अडचण माहितीची नाही, भिडेची आहे. खेड्यात चालक हा कोणाचा तरी पुतण्या, भाचा अथवा शेजारी असतो. त्याचा परवाना मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे समजले जाते. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, जमीन घेताना सातबाऱ्याचा उतारा पाहतो, आणि त्यात विकणाऱ्याचा अपमान झाला असे कोणी मानीत नाही. मग चाळीस मुले ज्याच्या हाती द्यावयाची, त्याचा उतारा पाहण्यात संकोच कसला?

या भिडेवर उपाय एकच : नियम आधी, नाव मागाहून. अर्ज मागविण्यापूर्वीच समितीने ठराव करून निकष लिहून ठेवावेत, म्हणजे कोणास नाकारावे लागले तर ते माणसाने नव्हे, ठरावाने नाकारले असे होते. नाव पुढे आल्यावर केलेला नियम एक तर त्या नावास घेण्यासाठी वाकतो, नाही तर त्यास टाळण्यासाठी.

नियमाचे दुसरे टोक न्यायाचे आहे. चालकी हे पुष्कळांच्या पोटाचे साधन आहे. जुन्या व क्षुल्लक चलानासाठी एखाद्याची भाकरी तोडणे हाही अन्यायच होय. म्हणून नोंदीत काही आढळल्यास अर्जदारास ते दाखवावे, त्याचा खुलासा लिहून घ्यावा, व मगच निर्णय करावा. मिळालेली माहिती समितीबाहेर जाऊ देऊ नये. ग्रामसभेत अथवा चावडीवर तिची चर्चा होणे सर्वथा अनुचित होय. इंग्लंडमध्ये २०१५ पासून अशी रीत आहे की, चालक स्वतः शासनाकडून एक सांकेतिक क्रमांक मिळवून मालकास देतो व त्या आधारे २१ दिवसांच्या आत मालक त्याची नोंद पाहू शकतो. पडताळणी पूर्ण होते आणि संमतीचा मानही राखला जातो.

नेमणुकीनंतर

एकदा पाहिलेली नोंद कायमची पुरत नाही. परवान्याची मुदत संपते, दृष्टी मंदावते, नवी चलाने होतात. अमेरिकेत आंतरराज्य वाहतूक करणाऱ्या मालकास नव्या चालकाच्या मागील तीन वर्षांच्या नोंदी नेमणुकीपासून ३० दिवसांच्या आत मागवाव्या लागतात, व पुढे दरवर्षी त्या पुन्हा तपासाव्या लागतात. आपल्याकडे शाळा उघडण्यापूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात हे काम सहज होण्यासारखे आहे. तद्वतच, मूळ चालक रजेवर असता दुसऱ्यानेच गाडी आणली, असे वारंवार घडते. बदली चालकाचे नाव व परवाना आधी पडताळलेला नसेल, तर मुलांना त्या गाडीत बसवू नये, अशी अट ठेक्यातच घालावी. वाहन चालविण्यास अपात्र असलेल्या व्यक्तीच्या हाती गाडी देणारा मालकही मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८० अन्वये शिक्षेस पात्र ठरतो, हे ठेकेदारास लेखी कळवावे.

ज्या शाळेस स्वतःची बस नाही, तिनेही हे आपल्यापुरते नाही असे समजू नये. पालकांनी ठरविलेल्या रिक्षा व व्हॅन यांच्या चालकांची यादी, परवाना क्रमांक व मुदत यांसह एका वहीत लिहून ठेवण्यास खर्च काहीच नाही. पालकसभेत शिक्षकाने ती वही दाखवून ‘यांपैकी कोणाचा परवाना आपण पाहिला आहे?’ एवढा प्रश्न विचारला, तरी कामास आरंभ होईल. हजेरीपटात मुलाचे नाव आपण रोज वाचतो. ते मूल ज्याच्या गाडीतून आले त्याचे नाव व त्याची नोंद निदान वर्षातून एकदा वाचावी.