फ्रीज दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

मैत्रिणींनो, आमच्या सिंदेवाहीचा उन्हाळा म्हणजे पारा ४५ च्या घरात! मागच्या मे महिन्यात नेमका आमच्या फ्रीजने असहकार पुकारला. दूध नासले, त्याचे पनीर केले. भिजवलेली कणीक आंबली, ती टाकली. पण सासूबाईंच्या इन्सुलिनचे काय? न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांतच ठेवाव्या लागतात. त्या लगेच शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि मग शांतपणे विचाराला बसले.

फ्रीज १४ वर्षांचा, माझ्या बाबांनी लग्नात दिलेला. त्यामुळे ‘काढून टाका’ म्हणायला जीभ रेटेना!

मेकॅनिकला बोलावण्याआधी काही गोष्टी आपल्यालाच तपासता येतात. दारात नोट धरून दार लावा. नोट सहज ओढली गेली तर रबर सैल झाले आहे. मागच्या जाळीवर धूळ साचली असेल तर प्लग काढून ब्रशने झाडा. भिंतीपासून वीतभर अंतर हवे. व्होल्टेज कमी असेल तर कॉम्प्रेसर नुसता ‘टक्‌’ करून बंद पडतो. रबर, थर्मोस्टॅट, रिले ही दुखणी थोडक्यात बरी होतात. एवढ्यासाठी नवा फ्रीज घेऊ नये.

गॅसचे मात्र वेगळे आहे. फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे! मी आदल्या वर्षी तेच केले आणि २,५०० रुपये घालवले.

या खेपेला गळती आणि कॉम्प्रेसर मिळून ७,५०० सांगितले. नवा साधा फ्रीज १६,००० चा. माझा हिशेब असा : फ्रीज दहा वर्षांच्या आतला असेल आणि खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी असेल तर दुरुस्ती, नाहीतर नवा. शिवाय नव्या फ्रीजच्या तारांकित पट्टीवर वर्षाला किती युनिट वीज लागते ते छापलेले असते. तारांबरोबर तो आकडाही वाचा. वर्षाला १५० युनिट वाचले आणि युनिट ८ रुपयांचे धरले, तरी १,२०० रुपये सुटतात.

हिशेब पटला, पण मन ऐकेना. शेवटी बाबांनाच फोन केला. ते हसले. म्हणाले, “अगं, वापरायले दिला होता, पुजायले नाही!”

दुसऱ्याच दिवशी नवा फ्रीज आला. काकूंकडच्या कुप्या परत आणल्या, सोबत त्यांना वाटीभर आमरस नेऊन दिला. थंडगार!