उंच माणसांचा ‘उंची’ ओटा

माहीत आहे का, जिराफ पाणी पिताना पुढचे दोन्ही पाय फाकवतो? एवढी लांबलचक मान, पण खांदे त्याहून उंचावर. सरळ उभं राहिलं तर तोंड पाण्यापर्यंत पोचतच नाही!

आता हाच सीन भोपाळमध्ये बघा. पिपलानीत, भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या) टाउनशिपमध्ये लहानाचा मोठा झालेला माझा मावसभाऊ सहा फूट तीन इंच उंच. रविवारचे पोहे त्याच्या हातचे. आणि कांदा चिरताना गडी चक्क पाय फाकवून उभा! कारण ओटा ३२ इंचांवर आणि त्याचं कोपर ४७ इंचांवर. पोहे फर्मास, कंबर खलास!

किती अंतर चालतं? साधा हिशेब आहे. हात कोपरात काटकोनात वाकवा. कोपराच्या खाली १० ते १५ सेंटिमीटरवर, म्हणजे चार ते सहा इंचांवर, चिरण्या-निवडण्याचा ओटा हवा. भावाला लागणार होता ४१ ते ४३ इंचांचा. कमी पडत होते निदान नऊ इंच. नऊ इंच म्हणजे आपली जुनी, ओळखीची, नेमकी एक वीत!

मग ते ३२ इंच आले कुठून? जरा गणित करू. माणसाचं कोपर साधारण त्याच्या उंचीच्या ६३ टक्क्यांवर असतं. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर. कोपर आलं ९६ वर. त्यातून १० ते १५ वजा करा. उरले ८१ ते ८६ सेंटिमीटर, म्हणजेच ३२ ते ३४ इंच. बिंगो! ३२ इंच चुकीचे नाहीत हो. ते दुसऱ्याचे आहेत.

आणि उंच ओटा मागणं हा नुसता नखरा नाही. आल्फ नाखेमसन या स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत थेट सुई घालून तिच्यावरचा दाब मोजला. सरळ उभ्या माणसाचा दाब १०० धरला, तर उभ्या-उभ्या पुढे वाकलेल्याचा निघाला १५०. दीडपट! रोज तासभर भांडी घासणाऱ्या उंच माणसाची कंबर संध्याकाळी का बोलते, ते कळलं ना?

चला, परत भोपाळला. भावाने पिपलानीला लागूनच सोनागिरीत जुनं घर घेतलं आणि किचन-बाथरूम उखडून काढलं. मिस्त्री आला, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारून मोकळा झाला. ‘‘साब, बत्तीस इंच. सबका यही रहता है.’’

इथे एन्ट्री झाली काकांची. माझ्या मावशीचे यजमान, उभी नोकरी भेलमध्ये, हातात आयुष्यभर व्हर्निअर कॅलिपर. भेलचा हा भोपाळचा कारखाना ब्रिटिश कंपनी ‘एईआय’च्या तांत्रिक साहाय्याने उभा राहिला आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, हे काका पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. टर्बाइनचं माप घेणारा माणूस ‘सबका यही रहता है’ ऐकून घेईल होय? काकांनी खिशातून टेप काढली. ‘‘ऊठ रे. सरळ उभा राहा. चप्पल घाल, घरात घालतोस ती. आता कोपर वाकव.’’ ३२ ची रेघ पुसली गेली, ४२ ची आली. मिस्त्रीने दोनदा विचारलं, ‘‘बाबूजी, पक्का?’’ बाबूजी पक्के!

चप्पल का, माहीत आहे का? घरातली जाड स्लीपर सहज इंचभर उंची वाढवते. माप घ्यायचं ते रोज उभं राहता तसंच. ही टिप काकांची, आणि मला सगळ्यांत आवडलेली.

बाय द वे, ओटा हे प्रकरणच आपल्याकडे नवं आहे! चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, बसायला पाट. बसल्यावर सहा फुटी आजोबा आणि पाच फुटी आजी यांच्यातला फरक बराचसा मिटतो. न्हाणीघरातही तेच. बंबातलं पाणी बादलीत, हातात तांब्या, खाली दगड. शॉवर डोक्याला लागण्याचा प्रश्नच कुठे? १९५० च्या दशकाच्या मध्याला मुंबईत ‘बर्शेन’चा गॅस आला. पुढे घरोघरी शेगडी वर चढली आणि तिच्यामागोमाग बाईही उभी राहिली. कडप्प्याच्या त्या काळ्या फरशीने मराठी स्वयंपाक जमिनीवरून उचलला. उंचीचा हा सगळा घोळ तिथून सुरू!

गंमत म्हणजे युरोपात उलटं घडत होतं. माहीत आहे का, आजच्या फिटेड किचनची पणजी कोण? १९२६ चं ‘फ्रँकफर्ट किचन’. कर्त्या होत्या मार्गारेट शुटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची खोली, आणि अशी सुमारे दहा हजार किचन्स बांधली गेली. त्यात त्यांनी काय ठेवलं? एक फिरतं स्टूल! बसून चिरा, बसून निवडा. मार्गारेटबाई स्वतः स्वयंपाकात रमणाऱ्या नव्हत्या बरं का. जगल्या मात्र १०२ वर्षं.

आता आमच्या ‘उंची’ क्लबच्या मानाच्या सभासद. ज्युलिया चाइल्ड, अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या टीव्ही-स्टार. उंची सहा फूट दोन इंच. १९६१ मध्ये त्यांचे पती पॉल यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या घरात त्यांच्यासाठी किचन मांडलं आणि ओटे अमेरिकेच्या नेहमीच्या ३६ इंचांऐवजी ३८ इंचांवर घेतले. भिंतीवर भोकांची फळी, आणि प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा त्या फळीवर रेखलेली, म्हणजे कढई कुठे टांगायची हा वादच नको. ते अख्खं किचन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बायकोच्या मापाचा ओटा म्युझियममध्ये पोचला. नवरे मंडळी, ऐकताय ना?

आणि सहा फूट दोन इंच म्हटल्यावर भोपाळकराला कोण आठवतं? शहराचे जावई अमिताभ बच्चन! जया भादुरींचं माहेर भोपाळ. मिस्टर उंच, मिसेस ठेंगण्या. अशा जोडप्याचा ओटा कोणाच्या मापाने बांधायचा, हा लाखमोलाचा प्रश्न. उत्तर येतंच आहे, जरा दम धरा.

त्याआधी एक भन्नाट किस्सा. चंदीगडकार ल कॉर्ब्युझिए यांनी इमारतींच्या मापांसाठी ‘मॉड्युलोर’ नावाचा मोजपट्टी-माणूस तयार केला. आधी उंची धरली १.७५ मीटर. मग ती वाढवून केली सहा फूट, म्हणजे १.८३ मीटर. का? इंग्रजी रहस्यकथांमधले देखणे पुरुष, उदाहरणार्थ पोलीस, नेहमी सहा फूट असतात म्हणून! खोटं नाही, हेच कारण दिलं गेलं. सरासरी भारतीय पुरुषाहून सहा-सात इंच उंच असा हा कादंबरीतला हवालदार, आणि त्याच्या मापाची पट्टी घेऊन चंदीगड आखलं गेलं.

तो मॉड्युलोर-माणूस एक हात वर करून उभा आहे. आणि आपल्या यज्ञवेदीचं माप? ‘पुरुष’ हे एकक, म्हणजे हात वर करून उभ्या असलेल्या यजमानाची उंची! शुल्बसूत्रांच्या परंपरेत वेदी मोजायची ती ज्याचा यज्ञ त्याच्या देहाने. ज्याचं घर, त्याचं माप. काकांनी सोनागिरीत केलं ते याहून वेगळं काय होतं?

भोपाळ म्हटलं की राजा भोज आलाच. त्याच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात ‘हात’ या एकाच मापाचे तीन प्रकार आहेत. ज्येष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ! मोजायचं काय, यावर कोणता हात घ्यायचा ते ठरतं. एकच माप सगळीकडे खपवायचं नाही, ही समज हजार वर्षांची.

रेकॉर्ड ब्रेक! माहीत आहे का, लिम्का बुकने १९८९ मध्ये भारतातलं सर्वांत उंच जोडपं म्हणून कोणाला नोंदवलं? पुण्याच्या कुलकर्णी दांपत्याला. पती सात फूट दीड इंच, पत्नी सहा फूट दोन इंचांहून जास्त. आता आपल्याकडचं नेहमीचं दार मोजा. सात फूट. म्हणजे दारातसुद्धा मान लववूनच यायचं!

२०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय सतनामसिंग भामरा याचंही तेच. सात फूट दोन इंच. चौकटीला नमस्कार चुकत नाही.

आणि नागपूरची ज्योती आमगे? ६२.८ सेंटिमीटर, जगातली सर्वांत ठेंगणी स्त्री. २०१८ मध्ये इजिप्तच्या पिरॅमिडसमोर तिचा फोटो निघाला तो जगातला सर्वांत उंच माणूस, तुर्कस्तानचा सुलतान कोसेन याच्याबरोबर. तो २५१ सेंटिमीटर. भागून बघा. बरोबर चारपट! निसर्ग एकाच साच्यातून माणसं काढत नाही, मग गवंड्याने ओटे का काढावेत?

नेदरलँड्सने हे कधीच ओळखलं. तिथले पुरुष सरासरीने सुमारे १८३ सेंटिमीटर, म्हणून २००३ च्या बांधकाम नियमांत नव्या घरांच्या दारांची किमान उंची २.१ वरून २.३ मीटरवर नेली. अख्ख्या देशाने चौकट वर सरकवली!

उलटा मासलाही ऐका. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘आयकिया’ने भारतातलं पहिलं दुकान हैदराबादला उघडलं, तेव्हा काही कपाटं आणि ओटे मुद्दाम खालच्या उंचीवर मांडले. इथल्या बायकांची उंची बघून! माप दोन्हीकडे बदलता येतं. बदलायचं मनात हवं, बस.

आता जरा कामाचं. ओटा सरसकट उंच करू नका! मावशीने हेच बजावलं आणि तिचंच खरं ठरलं. शेगडी ओट्यावर बसते, तिच्यावर कुकर बसतो. ओटा ४२ इंच, वर शेगडी, वर कढई, म्हणजे भाजी परतायला शिडी लागेल. म्हणून शेगडीखालचा ओटा चार-पाच इंच खाली. पोळी लाटायची आणि कणीक मळायची जागाही खालीच, कारण तिथे खांद्याचा जोर लागतो. सिंक मात्र सगळ्यांत वर! आपण काम करतो ते सिंकच्या काठावर नाही, तळाशी; आणि तळ आठ-दहा इंच खोल. उंच माणसाची कंबर सर्वांत जास्त मोडते ती भांडी घासताना, चिरताना नव्हे.

बाथरूममध्ये चला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे अलेक्झांडर किरा यांनी माणसं न्हाणीघरात नेमकी कशी वाकतात, वळतात, बसतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६६ मध्ये ‘द बाथरूम’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांची ठाम तक्रार होती की बेसिन फारच खाली बसवतात. आपल्याकडे आजही ते ३२ इंचांच्या आसपासच असतं. तोंड धुताना सहा फुटी माणसाचा प्रश्नचिन्हासारखा आकार होतो!

त्यावर फॅशननेच औषध आणलंय. ओट्यावर वाडग्यासारखं ठेवायचं ते टेबल-टॉप बेसिन. खालचा दगड न हलवता काठ चार-सहा इंच वर! सोनागिरीत काठ ३९ वर आला. आरसाही सरकवला, कारण जुन्या आरशात भावाला स्वतःची फक्त हनुवटी दिसायची.

शॉवर? नेहमी सात फुटांवर. आमच्या लंबूसाठी आठ फुटांवर नेला, आणि बाकीच्यांसाठी उभ्या दांड्यावर वरखाली सरकणारा हँड-शॉवर. कमोडची बैठक साधारण १६ इंचांची. अमेरिकेत सुगम स्वच्छतागृहांसाठी १७ ते १९ इंचांचं मानक आहे. भिंतीतला कमोड हवा त्या उंचीवर लागतो, जमिनीवरच्या कमोडखाली ग्रॅनाइटचा छोटा चौथरा चालतो. गुडघेदुखीच्या काकांना तो एवढा आवडला की आता तेच तिथे पेपर घेऊन बसतात!

फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे सगळं टाइल्स लागायच्या आधी. नळाचे पॉइंट, अँगल कॉक, सांडपाण्याचा पाइप, सगळं भिंतीत गाडलं जातं. टाइल्सनंतर एक इंच वर सरकवायचं म्हणजे पुन्हा हातोडा-छिन्नी.

आणि तो लाखमोलाचा प्रश्न? भाऊ सहा-तीन, वहिनी पाच-एक. ओटा कोणाचा? जागा असेल तर दोन उंचीचे दोन तुकडे करा, भांडण मिटलं. जागा नसेल तर उंचाच्या बाजूने कौल द्या. ठेंगण्या माणसाला पाटावर चढता येतं, उंच माणसाला खड्ड्यात उभं करता येत नाही! पाट मात्र ओट्याच्या पूर्ण लांबीचा, रुंद आणि न घसरणारा हवा. पाय चुकून खाली गेला तर कंबर वाचवता वाचवता घोटा जायचा. वहिनीचा पाट वापरात नसताना ओट्याखालच्या खाचेत सरकतो. ही आयडिया तिची स्वतःची.

तुमच्याकडे मिस्त्री कधी येणार आहे? दिवाळीआधी? मग आज रात्रीच घरातल्या प्रत्येकाला स्लीपर घालून भिंतीपाशी उभं करा, कोपर वाकवायला सांगा, पेन्सिलीने रेघ मारा आणि रेघेशेजारी नाव लिहा. मिस्त्रीने टेप काढायच्या आधी त्याला ती भिंत दाखवा.