फॉरमॅट मारण्याआधी

घरचा कॉम्प्युटर सुरू होईना की एखादा भाचा-पुतण्या निदान करून मोकळा होतो : ‘विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल.’ पडदा ठार काळा असेल, तर हे निदान बहुधा चुकीचंच असतं. विंडोज राहते डिस्कवर, आणि डिस्कपर्यंत पोचण्याआधी यंत्राला बऱ्याच पायऱ्या चढायच्या असतात. ते कुठल्या पायरीवर अडलं एवढं ओळखायला पेचकससुद्धा लागत नाही.

बटण दाबल्यावर वीज सुरू होते, हा आपला समज. खरं तर मागची केबल जोडलेली असेल तर एसएमपीएस आधीपासूनच अर्धवट जागा असतो. २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणणारा हा पत्र्याचा डबा मदरबोर्डला ५ व्होल्टचा थोडासा पुरवठा सतत करत राहतो. बटणाने मदरबोर्डला फक्त इशारा मिळतो, तो पुढे एसएमपीएसला उठवतो. सगळे व्होल्टेज स्थिरावले की एसएमपीएस ‘वीज ठीक आहे’ असा संकेत पाठवतो. याला सेकंदाचा काही अंश लागतो आणि तोवर प्रोसेसरला मुद्दाम रोखून धरलेलं असतं. पंखा क्षणभर फिरून थांबला, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा आतल्या एखाद्या शॉर्टवर घ्यावा. काहीच हललं नाही, तर आधी भिंतीवरचं सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड आणि एसएमपीएसमागचा छोटा स्विच पाहावा. झाडू मारताना तो स्विच बंद झालेला असणं अगदी शक्य आहे.

एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. २३० व्होल्टची एसी वीज आत डीसी झाली की सुमारे ३२५ व्होल्ट भरते, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ती काही काळ धरून ठेवू शकतात. मदरबोर्डवरचे छोटे कपॅसिटर नुसत्या नजरेने तपासता येतात. त्यांच्या डोक्यावर मुद्दाम फुली किंवा तसलीच खाच असते, म्हणजे आत वायू साचला तर ते तिथून सौम्यपणे फाटावेत. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रावणाच्या कपॅसिटरांनी जगभर असंख्य मदरबोर्ड निकामी केले. फुगलेलं डोकं किंवा सुकलेला तपकिरी डाग दिसला, की पुढचा शोध थांबवायला हरकत नाही.

वीज ठीक असेल तर प्रोसेसर सुटतो, आणि त्या क्षणी त्याला काहीही माहीत नसतं. पहिली आज्ञा कुठे शोधायची, तो पत्ता तेवढा त्याच्यात कायमचा कोरलेला. १९८१च्या आयबीएम पीसीमध्ये ही जागा १ एमबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडे होती, आजच्या प्रोसेसरांत ती ४ जीबीच्या १६ बाइट अलीकडे आहे. तिथे असतो मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस, म्हणजे यंत्र जागं करणारा प्रोग्राम. गंमत म्हणजे यावेळी रॅम वापरण्याच्या अवस्थेतच नसते, म्हणून बायोस प्रोसेसरच्या आतल्या कॅशवर तात्पुरता संसार मांडतो आणि मग रॅमची जुळणी करतो. डीडीआर५ रॅम नवीन बसवल्यावर या पहिल्या जुळणीला काही मिनिटंही लागू शकतात. माणसं घाबरून मध्येच बटण दाबतात, आणि बिचाऱ्या बायोसला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पंखे फिरताहेत, दिवे लागलेत, पण ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीत मॉनिटरची केबल ठीक असेल, तर माझा पहिला संशय रॅमवर. डीडीआर४च्या पट्टीला २८८ संपर्कबिंदू असतात आणि त्यातलं एखादंही नीट टेकलं नाही तरी घोटाळा होऊ शकतो. रोजच्या तापण्या-निवण्याने पट्टी खाचेत सूक्ष्म हलते, त्यात धूळ आणि कोकणातल्या पावसाळ्याची दमट हवा. वायर काढून, पट्टी उचलून, दोन्ही बाजूंना ‘टक्’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवली की कित्येक यंत्रं उठून बसतात. दुकानांत संपर्कांवर खोडरबर फिरवतात. उपाय चालतो, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा बरा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी.

यंत्र स्वतःही बोलतं. जुन्या पीसीचा एक छोटा बीप म्हणजे तपासणी पार पडली. बाकी बीपांचे अर्थ बायोस बनवणाऱ्यागणिक बदलतात, म्हणून मदरबोर्डचं पुस्तक पाहिल्याशिवाय तर्क लढवू नयेत. नव्या बोर्डांवर अनेकदा स्पीकरच नसतो. त्याऐवजी सीपीयू, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार बारके दिवे असतात, आणि जो पेटून राहील तिथे घोडं अडलेलं.

पडद्यावर अक्षरं आली म्हणजे बरीच वाट सरली. तारीख भलतीच मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो साध्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो. त्याच्यासोबत सेटिंग पुसली गेली, की धडधाकट डिस्क असूनही ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येऊ शकतो. इथे पेन ड्राइव्ह काढून पाहावा, डिस्कची केबल दाबावी आणि बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का ते बघावं.

विंडोजवर संशय घ्यायची वेळ आता आली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या यंत्रांचं हार्डवेअर ठणठणीत होतं, आणि उपाय म्हणून फॉरमॅटची गरजही नव्हती : सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. अडचण आली ती जिथे डिस्क विंडोजच्याच बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद होती तिथे. यंत्र आधी ४८ आकडी किल्ली मागत होतं. आजच्या बऱ्याच लॅपटॉपांत हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं. घरगुती यंत्राची किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, आणि ते खातं उघडायला दुसरा चालू कॉम्प्युटर किंवा मोबाइल लागतो.