परदेशातले बिऱ्हाड, लेखांक ६ : सिंगापुरात भाडेकरूचा कायदा त्याच्या करारातच असतो

गेल्या आठवड्यात आपण सिंगापूरच्या कामाच्या परवान्यांविषयी पाहिले. परवाना हातात पडला की पुढचा प्रश्न घराचा, आणि तिथे जाणाऱ्या भारतीयासाठी घर म्हणजे जवळजवळ नेहमीच भाड्याचे घर. विकत घ्यायला सरसकट बंदी नाही, पण २७ एप्रिल २०२३ पासून परदेशी खरेदीदाराला घराच्या किमतीवर तब्बल ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क भरावे लागते. व्यापार करारांमुळे अमेरिकेच्या आणि युरोपातल्या मोजक्या देशांच्या नागरिकांना यातून सूट आहे, भारतीयांना नाही. म्हणजे शहरात राहायचे तर कुणाच्या तरी घरात भाडेकरू म्हणून राहायचे, हे ठरलेलेच. सिंगापूरची ख्याती कडक नियमांची असल्यामुळे मुंबई-पुण्याहून निघालेला माणूस एक गोष्ट गृहीत धरून जातो : इतक्या शिस्तीच्या शहरात आपले डिपॉझिट बुडणार नाही, घरमालक मनमानी करणार नाही, झालीच गडबड तर सरकार आहे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. सिंगापूरचे सरकार भाड्याच्या घरांवर फार बारीक नजर ठेवते, पण ती नजर सरकारच्या स्वतःच्या चिंतांवर असते. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातले देणेघेणे त्याने जवळजवळ पूर्णपणे दोघांच्या करारावर सोडले आहे. म्हणून भाडेकरूला जे काही संरक्षण मिळते ते कराराच्या कागदावर असेल तेवढेच.

सरकारची नजर किती बारीक आहे ते आधी पाहू. तिथल्या रहिवाशांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे १९६० साली स्थापन झालेल्या एचडीबीने, बांधलेल्या घरांत राहतात. एचडीबीचे अख्खे घर भाड्याने द्यायचे तर मालक सिंगापूरचा नागरिक हवा, आणि साधारणपणे त्याने आधी स्वतः पाच वर्षे त्या घरात काढलेली हवीत. सहा महिन्यांहून कमी मुदतीचा करार चालत नाही. भाडेकरू मलेशियाखेरीज अन्य देशाचा असेल तर एका वेळी दोन वर्षांहून अधिक मुदत मिळत नाही. शिवाय अख्ख्या घरांसाठी कोटा आहे : अशा परदेशी भाडेकरूंची घरे एका वस्तीत ८ टक्के आणि एका इमारतीत ११ टक्के यांच्या वर जाता कामा नयेत. कोटा भरला की घर रिकामे असले, मालक राजी असला, तरी ते तुम्हाला मिळत नाही. खासगी सदनिकांत कोटा नाही, पण तीन महिन्यांहून कमी काळासाठी भाडे घेणे बेकायदा आहे. एका घरात नात्याबाहेरची किती माणसे राहतील याचीही मर्यादा आहे. मोठ्या घरांसाठी ती जानेवारी २०२४ पासून तात्पुरती सहावरून आठ केली गेली. भाडेकरूचा परवाना अस्सल आहे की नाही हे तपासण्याची जबाबदारी मालकावर असून बेकायदा राहणाऱ्याला आसरा दिला तर त्याला तुरुंगही होऊ शकतो. हे सगळे नियम ओळीने वाचले की त्यांचे सूत्र दिसते. वस्तीत एकाच समाजाची दाटी होऊ नये, बेकायदा कुणी राहू नये, घराचे हॉटेल होऊ नये, शुल्क बुडू नये. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने हे हेतू रास्तच आहेत. भाडेकरूचे पैसे सुरक्षित राहावेत हा हेतू मात्र यातल्या एकाही नियमात नाही.

आता जे नियमांत नाही त्याकडे वळू. डिपॉझिट किती घ्यावे, ते कुठे ठेवावे, किती दिवसांत परत करावे, त्यातून काय कापावे, यावर कायद्याची मर्यादा नाही. एका वर्षाच्या कराराला एक महिन्याचे आणि दोन वर्षांच्या कराराला दोन महिन्यांचे भाडे अनामत ठेवायचे, हा बाजाराचा रिवाज आहे. बंगळुरूत दहा-दहा महिन्यांचे डिपॉझिट मोजलेल्या माणसाला तो सौम्यही वाटतो. पण ही रक्कम थेट मालकाच्या खात्यात जाते आणि परत करायची वेळ येईपर्यंत तिथेच राहते. मुदत संपल्यावर भाडे किती वाढवावे यालाही बंधन नाही. याउलट भाडे थकले तर मालकाच्या हाती खास कायदा आहे. ‘डिस्ट्रेस अ‍ॅक्ट’ या जुन्या, इंग्रजी वळणाच्या कायद्याखाली तो न्यायालयाकडून हुकूम मिळवून थकलेल्या भाड्यापोटी घरातल्या वस्तू जप्त करवून घेऊ शकतो. भाड्यासाठी मालकाला जप्तीचा कायदा आणि अनामतीसाठी भाडेकरूला फक्त करारातले एक कलम, ही विषमता मला सर्वांत बोलकी वाटते.

परदेशी भाडेकरूच्या बाबतीत ही विषमता आणखी वाढते, कारण वेळ त्याच्या विरोधात असते. नोकरी सुटली तर मालक-कंपनीने त्याचा एम्प्लॉयमेंट पास आठवड्याभरात रद्द करायचा असतो, आणि त्यानंतर आवराआवर करायला साधारण तीस दिवस मिळतात. परदेशी कर्मचारी सोडून जाताना त्याचा आयकर चुकता झाल्याचे कळेपर्यंत कंपनीने त्याचे येणे रोखून ठेवावे असाही नियम आहे, म्हणजे शेवटचा पगारही त्या काळात हाती नसतो. डिपॉझिट बहुतेक करारांत घर सोडल्यानंतर चौदा दिवसांच्या आसपास परत करायचे असते. या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात येऊन पडतात. भिंतीवरचे डाग, लाकडी जमिनीवरचे ओरखडे, एसीची चुकलेली सर्व्हिसिंग असे काहीही काढून मालकाने पंधराशे डॉलर कापले तर भांडायला भाडेकरूच्या हाती दिवस उरत नाहीत, आणि हे मालकालाही ठाऊक असते. प्रत्येक मालक याचा गैरफायदा घेतो असे मी म्हणत नाही, बहुतेक जण घेत नसतील. पण सज्जनपणावर विसंबून राहावे लागते तिथे हक्क नसतो. शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे न भरता ते डिपॉझिटमधून वळते करून घ्या, असा सल्ला तिथल्या ओळखीपाळखीत सर्रास दिला जातो. तो घेऊ नये. जवळजवळ प्रत्येक करारात त्याला स्पष्ट मनाई असते, आणि ते भाडे थकबाकी ठरून वरचा जप्तीचा कायदा तुमच्यावरच उलटतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की दाद मागायला स्मॉल क्लेम्स ट्रिब्युनल आहे. आहे, आणि ते चांगले आहे. दोन वर्षांपर्यंतच्या राहत्या घराच्या भाडेकराराचे तंटे तिथे चालतात. मर्यादा २० हजार सिंगापूर डॉलरची, दोन्ही पक्षांची संमती असेल तर ३० हजारांची. वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही, आणि लहान रकमेच्या दाव्याचे शुल्कही नाममात्र असते. सिंगापुरात नोकरी टिकवून फक्त घर बदलणाऱ्या भाडेकरूला हा मार्ग खरोखर उपयोगी पडतो. पण वकील नाही याचाच अर्थ आपली बाजू आपणच मांडायची. पुण्याला परतलेल्या माणसाने दोन महिन्यांच्या डिपॉझिटमधल्या थोड्या रकमेसाठी हा व्याप करावा का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थीच येते. शिवाय ट्रिब्युनलसुद्धा निवाडा करते तो करारात काय लिहिले आहे ते पाहूनच. तीन वर्षांचा करार केला असेल तर तो तिथे जातच नाही, एवढ्यासाठीच करार चोवीस महिन्यांच्या पुढे नेऊ नये.

दुसरा आक्षेप बाजाराचा : मालकालाही चांगला भाडेकरू हवाच असतो, तेव्हा स्पर्धाच त्याला सरळ ठेवील. २०२२ साली या युक्तिवादाची परीक्षा झाली. महासाथीमुळे रखडलेली बांधकामे आणि परत उघडलेल्या सीमा यांच्या कात्रीत खासगी घरांच्या भाड्याचा सरकारी निर्देशांक त्या एका वर्षात २९.७ टक्क्यांनी चढला. २०२३ मध्ये आणखी ८.७ टक्के वाढ झाली, आणि २०२४ मध्ये कुठे तो किंचित उतरला. चढत्या बाजारात भाडेकरूने एखादे कलम बदलून मागितले तर घर त्याच्या मागच्याला मिळते. एस्टेट एजंटांवर नियंत्रण ठेवणाऱ्या परिषदेने ग्राहक संघटनेच्या साथीने नमुना भाडेकरार तयार केला आहे आणि तो समतोल आहे, पण तो ऐच्छिक आहे. भाडेकरूला त्याची सर्वांत जास्त गरज असते ती तेजीच्या काळात, आणि तो नाकारण्याची ताकद मालकाकडे सर्वांत जास्त असते तीही तेव्हाच. जातपात आणि देश पाहून घर नाकारण्याचा प्रश्नही बाजाराने सोडवलेला नाही. ‘नो इंडियन्स’ असे लिहिलेल्या जाहिराती सिंगापुरात वर्षानुवर्षे दिसत आल्या. आता तसे उघड लिहिणे कमी झाले, तर ‘हलका स्वयंपाक चालेल’ असे शब्द आले. त्यांचा रोख आपल्या फोडणीवर आहे हे सांगावे लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या संसदेने भेदभावाविरुद्ध कायदा केला, पण तो नोकरीपुरता आहे, घराला लागू नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि मुंबईकर तो अनुभवाने करू शकतो. भाडेकरूला कायद्याचे कवच दिले की काय होते ते गिरगाव-लालबागच्या जर्जर चाळींत दिसते. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आणि सिंगापूरचा भाडे नियंत्रण कायदा हे एकाच वर्षीचे, युद्धोत्तर टंचाईत जन्मलेले जुळे भाऊ. दोन्हीकडे भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती खचल्या. सिंगापूरने २००१ मध्ये तो कायदा साफ रद्द केला. आपल्याकडे त्याच्या जागी १९९९ चा नवा कायदा आला आणि पागडी राहिली. सिंगापूरने केले ते योग्यच, असे माझेही मत आहे. पण या युक्तिवादात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. भाड्याची रक्कम गोठवणे वेगळे आणि अनामत रक्कम तिऱ्हाइताच्या ताब्यात ठेवणे वेगळे. पहिल्याने मालकाचे उत्पन्न मारले जाते. दुसऱ्याने त्याचा एक पैसाही जात नाही, फक्त वाद झाला तर पैसा आधीच त्याच्या खिशात नसतो. सिंगापूरने ज्या इंग्लंडचा करारविषयक कायदा वारशाने घेतला, तिथे भाडी बाजारानेच ठरतात, तरीही २००७ पासून बहुतेक भाडेकरूंची अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करणे मालकावर बंधनकारक आहे. त्याने तिथल्या इमारती काही पडल्या नाहीत. भविष्यनिर्वाह निधीपासून मुद्रांक शुल्कापर्यंत सगळे संगणकावर चोख चालवणाऱ्या सिंगापूरला अशी योजना उभारणे मुळीच अवघड नाही. ती उभारली पाहिजे.

तोवर करार नीट लिहून घेणे एवढेच हाती आहे, आणि इथे आपल्याकडच्या सवयी घात करतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तो नोंदवला नाही, तर उलट काही सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. सिंगापुरात मुद्रांक शुल्क भरायचे असते भाडेकरूने, सहीनंतर चौदा दिवसांत. चार वर्षांपर्यंतच्या कराराला दर एकूण भाड्याच्या ०.४ टक्के, म्हणजे महिना साडेतीन हजार डॉलरच्या दोन वर्षांच्या कराराला ३३६ डॉलर. शुल्क न भरलेला करार पुरावा म्हणून दाखल होत नाही, तेव्हा हे पैसे वाचवणे म्हणजे स्वतःचा एकमेव कायदा स्वतःच फाडणे. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारातून महिन्याभराची नोटीस देऊन निघता येते, म्हणून तिथेही येईल असे समजू नये. तिथे मुदतीआधी निघायची वाट म्हणजे ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’. रूढ स्वरूपात तो बारा महिन्यांनंतर लागू होतो आणि मग दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे किमान चौदा महिन्यांचे भाडे सुटत नाही. मालकाने एजंटला दिलेल्या दलालीचा उरलेल्या मुदतीपुरता हिस्साही बहुधा भरून द्यावा लागतो. या कलमाचे शब्द फार काळजीने वाचावेत. काही करारांत फक्त ‘बदली’ लिहिलेली असते. नोकरी गेली किंवा परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले तर ते कलम कामाचे नाही.

घासाघिशीची खरी वेळ कराराच्या सहीची नसते, त्याआधीच्या ‘लेटर ऑफ इंटेंट’ची असते. त्या पत्रासोबत एक महिन्याचे भाडे देऊन बसलात की मग कलमे बदलत नाहीत. म्हणून पैसे देण्याआधी त्या पत्रातच लिहून घ्या : नोकरी गेल्यास आणि परवाना नाकारल्यास करार सोडता येईल, वापराने होणाऱ्या साहजिक झिजेपोटी काही कापले जाणार नाही, कापले तर पावती दाखवली जाईल, किरकोळ दुरुस्तीत भाडेकरूचा वाटा अमुक रकमेपर्यंतच राहील, पहिल्या तीस दिवसांत सापडलेले दोष मालक दुरुस्त करील, रोजचा स्वयंपाक चालेल. चावी हातात आल्या दिवशी प्रत्येक खोलीचे, एसीचे, गाद्यांचे आणि जमिनीचे तारखेसह फोटो काढून मालकाला ईमेलने पाठवा. आणि मालकाने यातले काही लिहून द्यायला नकार दिला, तर घर कितीही आवडले असले तरी दुसरे पाहा.