सौर विजेचा जमाखर्च

भोर व वेल्हें (हल्लींचा राजगड) या तालुक्यांतील खातेदार, गिरणीवाले व दुकानदार यांजकडून अलीकडे एकच प्रश्न वारंवार येतो. तो हा कीं, छपरावर सौर पॅनेल बसविण्यांत पैसा घातला असतां तो वसूल होतो किंवा कसें? विकणारा म्हणतो, वीज फुकट होते. शेजारी म्हणतो, पैसे पाण्यांत गेले. दोघांच्याही बोलण्यांत कांहीं तथ्य आहे. कारण ऊन सर्वांस सारखें असलें तरी विजेचें बिल सर्वांस सारखें येत नाहीं. जो कांहीं नफा व्हावयाचा तो वांचलेल्या बिलांतूनच होतो, हें ध्यानांत ठेविल्यास पुढील हिशेब सुलभ होईल.

प्रथम घरगुती विजेचा विचार करूं. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू केली. तींत पहिल्या २ किलोवॅटांस दर किलोवॅटीं ३०,००० व तिसऱ्यास १८,००० रुपये, मिळून जास्तींत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरविलें आहे. एक किलोवॅटच्या संचापासून वर्षाची सरासरी धरतां रोज सुमारें ४ युनिट वीज निघते. दुसरीकडे महावितरणचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो व पहिल्या १०० युनिटांपुढें तो जवळजवळ दुप्पट होतो. सर्व मर्म या चढत्या दरांत आहे.

उदाहरणादाखल दोन घरें घेऊं. सोईसाठीं पहिल्या टप्प्याचा दर युनिटास ६ रुपये व दुसऱ्याचा ११ रुपये धरूं. एका घरांत महिना २०० युनिट जळतात. त्यास २ किलोवॅटचा संच १,३०,००० रुपयांस पडला, तर अनुदान वजा जातां पदरचे ७०,००० रुपये लागतात. महिना १,७०० म्हणजे वर्षास २०,४०० रुपये वांचतात व सुमारें साडेतीन वर्षांत मुद्दल सुटतें. दुसऱ्या घरांत महिना ६० युनिटच जळतात. त्यानें १ किलोवॅटचा संच ७०,००० रुपयांस घेतला, तर अनुदान जाऊन पदरचे ४०,००० रुपये लागतात आणि वर्षास वांचतात अवघे ४,३२० रुपये. मुद्दल सुटावयास सव्वानऊ वर्षें लागतील. तेच ४०,००० दहा टक्के व्याजानें कर्जाऊ काढले, तर पहिल्या वर्षाचें व्याजच ४,००० रुपये होतें. मग मुद्दल कशांतून फेडावयाचें? महिना १०० युनिटांपेक्षां कमी वापर असणाऱ्यांस राज्य सरकारनें २०२५ मध्यें जादा अनुदान मंजूर केलें आहे. तें मिळत असल्यास धरून हें गणित पुन्हां मांडावें. मात्र बिलांतील स्थिर आकार दोघांसही भरावा लागतोच.

आतां आपल्या पावसाकडे वळूं. ज्या पावसानें भाटघर, नीरा-देवघर, पानशेत व गुंजवणी हीं धरणें भरतात, त्याच पावसांत पॅनेलांस ऊन मिळत नाहीं. तथापि तेवढ्यावरून बेत सोडण्याचें कारण नाहीं. पाटण तालुक्यांतील मान्याचीवाडी हें डोंगराळ मुलखांतील गांव २०२४ सालीं राज्याचें पहिलें सौरग्राम ठरलें. नेट मीटर असल्यास जास्त झालेली वीज तारेंत जाते व तितके युनिट पुढें जमा राहतात. महसुली साल १ ऑगस्टला सुरू होतें, पण हा हिशेब १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला मिटतो. सबब एप्रिल-मे महिन्यांतील शिल्लक आषाढ-श्रावणांत कामीं येते. मार्चअखेर उरलेले युनिट मात्र कमी दरानें खरेदी होतात. म्हणून वर्षाच्या गरजेपेक्षां मोठा संच बसवूं नये.

आणखी एक गोष्ट विकणारे सहसा बोलत नाहींत. वादळांत तारेची वीज गेली कीं नेट मीटरवरील साधा संचही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या माणसांच्या जिवासाठीं तशी योजनाच असते. अशा वेळीं घरांत दिवा हवा असेल तर बॅटरी लागते, व तिचा खर्च निराळा धरावा लागतो.

धंद्याच्या जोडणीस सूर्यघर योजनेचें अनुदान नाहीं. तरीही दूध थंड ठेवण्याचें यंत्र किंवा शीतपेट्यांचें दुकान बारमाही चालत असल्यानें दिवसाची वीज तेथेंच खपते व संच परवडतो. भाताच्या गिरणीचें तसें नाहीं. तिचा भर सुगीनंतरच्या तीन-चार महिन्यांवर असतो. त्या महिन्यांच्या मापानें मोठा संच बसविल्यास बरीच वीज स्वस्तांत द्यावी लागते.

शेतीपंपाचा हिशेब अगदींच वेगळा आहे. एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस राज्य सरकार मोफत वीज देत आहे. ज्यास बिलच नाहीं, त्याचें वांचणार काय? उलट ज्यांस वीजजोडणी नाहीं व जे डिझेलवर पाणी काढतात, त्यांस मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेंत एकदशांश हिस्सा भरून, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांस विसावा हिस्सा भरून, पंप मिळतो. पांच अश्वशक्तीचें इंजिन तासास सुमारें लिटरभर डिझेल जाळतें. रोज ५ तास, ६० दिवस व लिटरास ९० रुपये धरले, तर एका रब्बींत २७,००० रुपये जातात. शिवाय रब्बींत आकाश निरभ्र असल्यानें पंपही नीट चालतो.

तात्पर्य, पैसा घालण्यापूर्वीं मागील बारा महिन्यांचीं बिलें काढून युनिटांची बेरीज करावी. छपरावर आंब्या-फणसाची सावली पडते काय, कौलांखालचें लांकूड भार सोसेल काय, हें पाहावें. पॅनेल २५ वर्षें टिकलें तरी इन्व्हर्टर मध्येंच एकदां बदलावा लागतो; ती रक्कम खर्चांत धरावी. एवढें करूनही मुद्दल पांच-सहा वर्षांत सुटत असेल तर खुशाल पैसा घालावा. न सुटेल त्यानें वाट पाहण्यांत तोटा नाहीं, असें आमचें मत आहे.