दुष्काळाचा हिशेब दिवाळीतच मांडा



दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणे, असे आपण सहज बोलून जातो. पण पाऊस हा साखळीचा पहिला दुवा झाला. ज्वारी करपली की दाण्याबरोबर कडबाही जातो. कडबा गेला की दूध आटते आणि चैत्रात बैलजोडी बाजार दाखवते. त्याच दिवशी पंचक्रोशीतली जनावरे बाजारात उभी असतात, म्हणून भाव पडतो. मग मृगाला बैल भाड्याचे आणि बियाणे उधारीचे. असा एका सालचा दुष्काळ दुसऱ्या सालच्या पेरणीत शिरतो.

पाण्याचेही तसेच. बांधापलीकडे खोल बोअर पडले की अलीकडची विहीर उतरते. शेवटी घरच्या लेकीसुनांच्या डोक्यावर हंडा येतो आणि मुलीची शाळा बुडते.

तेव्हा आणि आता

१९७२ च्या दुष्काळात माणसाला धान्य नव्हते. मिलो ज्वारी आणि सुकडीवर लोकांनी दिवस काढले. त्या वेळच्या कामांच्या अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. २०१६ साली मात्र दुकानात धान्य होते, आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अनेक शिवारांत ज्वारीची जागा सोयाबीनने आणि उसाने घेतली. त्यातून हाती पैसा आला, पण गंजीतला कडबा घटला आणि विहिरीवरचा भार वाढला. पीक बदलताना आपण दावण आणि विहीरही बदलतो, हे ध्यानात ठेवा.

घरचा हिशेब

पाऊस संपला की घरातल्या सर्वांनी बसून कागदावर आकडे मांडा. दावणीला तीन मोठी जनावरे आहेत असे धरा. नुसते जगण्यापुरते म्हटले तरी एका जनावराला रोज सुमारे ६ किलो वाळलेली वैरण लागते. फेब्रुवारी ते जून या १५० दिवसांत तिघांना २७ क्विंटल. रोज ५० लिटरप्रमाणे पाणी लागेल २२,५०० लिटर.

आता दुसरा आकडा पाहा. एक एकर उभ्या पिकाला पाटाने ८ सेंटीमीटरचे एकच पाणी दिले, तर सुमारे सव्वातीन लाख लिटर पाणी जाते. तेवढ्या पाण्यात ही तीन जनावरे चौदा उन्हाळे काढतील. उन्हाळी पीक घ्यायचे की नाही, हे या दोन आकड्यांवरून ठरवा.

काय करावे?

१. गंज मोजा. वैरण कमी पडणार असेल तर भाकड जनावराचा निर्णय दिवाळीतच घ्या. चैत्रात मिळेल त्या भावाने द्यावे लागते.

२. कडब्याची कुट्टी करूनच घाला, नासाडी वाचते.

३. खरिपात सगळे रान एकाच पिकाखाली नको. बाजरीत तूर घ्या, थोडी तरी ज्वारी ठेवा. एक गेले तरी दुसरे हाती लागते.

४. रब्बी ज्वारीत वेळेवर कोळपणी करा. भेगा बुजतात, ओल टिकते.

५. पीकविम्याची मुदत चुकवू नका. हप्ता थकणार असे दिसले तर सोसायटीत किंवा बँकेत आधीच बोला. सावकाराची पायरी शेवटची.

गावाचा हिशेब

एकट्याने पाणी राखून भागत नाही, कारण जमिनीखाली बांध नसतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे ओळखले. तिथे पावसाळ्यानंतर ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढते, आणि उरलेल्यावर पिके ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायला गावाने बंदी घातली. पाऊस तिथेही बेताचाच. फरक पडला तो शिस्तीने.

आपल्या गावातही विहिरींची पातळी मोजून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला खर्च येत नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. भगिनींनी तर जरूर मांडावा, कारण हंड्याचा हिशेब त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नाही. पाऊस आपल्या हातात नाही. पण विहिरीत आणि गंजीत जे उरले आहे, ते पुरवून वापरणे आपल्याच हातात आहे.